कोंबडीवर आळ घेण्यापूर्वी

मगरिबची अजान होते, खजूर आणि पाण्याच्या घोटाने रोजा सुटतो आणि नमाजनंतर दस्तरख्वान भरू लागतो. मटणाचे भाव वाढत गेले तसे या दस्तरख्वानावर चिकनचे प्रमाणही वाढत गेले. मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत निखाऱ्यांवर भाजले जाणारे तुकडे असोत किंवा घरच्या पातेल्यातला साधा रस्सा असो, रमजानच्या संध्याकाळी चिकन नाही असे घर आता विरळाच. अशा वेळी जेवणाऱ्यांपैकी एखाद्याच्या तोंडाला खाज सुटते, ओठ जड होतात, अंगावर गांधी उठतात. वडीलधारी मंडळी लगेच सांगतात, "पित्त उठलंय. दिवसभर उपाशी, त्यात एकदम तळलेलं खाल्लं, दुसरं काय होणार?" मग अंगाला आमसुलाचे पाणी लावले जाते, खाजेची एक गोळी दिली जाते आणि विषय तिथेच संपतो.

काही घरांत याच्या उलट होते. एकदा त्रास झाला की "याला चिकन चालत नाही" असा शिक्का बसतो आणि तो माणूस आयुष्यभर चिकनपासून दूर राहतो. पहिल्या घरात धोका दुर्लक्षिला जातो, तर दुसऱ्या घरात कदाचित निरपराध कोंबडीला शिक्षा होते आणि खरा गुन्हेगार ताटातच राहतो. दोन्ही घरांत राहून जाते ते एकच, नीट तपास.

आधी ॲलर्जी म्हणजे काय?

हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते, तेव्हा ॲलर्जी होते. ही गैरसमजूत रक्तात असते हे १९२१ साली दोन जर्मन डॉक्टरांनी दाखवले. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशांचा त्रास होत असे. त्यांच्या रक्तातील द्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना मासे सहज पचत, तरीही तिथे गांध उठली. रक्तातला तो घटक कोणता याचे उत्तर १९६६-६७ मध्ये अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिच यांच्या संशोधनातून मिळाले. त्यालाच आज 'आयजीई' म्हणतात. पुढे येणाऱ्या बहुतेक चाचण्या या आयजीईचाच माग काढतात.

अंडी, दूध, शेंगदाणे किंवा कोळंबीच्या तुलनेत कोंबडीच्या मांसाची खरी ॲलर्जी बरीच दुर्मीळ आहे. म्हणून डॉक्टरसुद्धा पहिला संशय चिकनवर घेत नाहीत. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. ती लहान वयातही दिसते आणि मोठेपणी अचानकही सुरू होते.

तीन वाटा

चिकनच्या ॲलर्जीपर्यंत पोहोचण्याच्या तीन वाटा आज माहीत आहेत.

पहिली वाट सरळ आहे. शरीर कोंबडीच्या स्नायूंतील प्रथिनांवरच उलटते. यातली काही प्रथिने उष्णतेला दाद देत नाहीत. चिकन कितीही शिजवले तरी त्रास होतो. अशा रुग्णांना बऱ्याचदा टर्कीही चालत नाही. बदक किंवा इतर पक्षी चालतील की नाही हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरी वाट पिंजऱ्यातून किंवा गच्चीवरच्या खुराड्यातून येते. घरात लव्हबर्ड्स किंवा इतर पक्षी पाळणाऱ्यांच्या, कबुतरांचा शौक असणाऱ्यांच्या श्वासातून पिसांची आणि विष्ठेची धूळ आत जाते. तिच्यात पक्ष्यांच्या रक्तातील 'अल्ब्युमिन' हे प्रथिन असते. आधी शिंका, नाक गळणे, दमा सुरू होतो. हेच प्रथिन अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि कोंबडीच्या मांसातही असल्याने पुढे अर्धवट शिजलेले अंडे किंवा चिकन खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते. युरोपातील डॉक्टरांनी १९८०च्या दशकात याचे वर्णन 'पक्षी-अंडे लक्षणसमूह' या नावाने केले. हे प्रथिन उष्णतेने बरेचसे मोडते, त्यामुळे अशा माणसाला नीट शिजलेला रस्सा चालतो, पण आतून कच्चा राहिलेला कबाब बाधतो. "घरी चालतं, बाहेर त्रास होतो" या तक्रारीमागे कधी कधी एवढेच कारण असते.

तिसरी वाट समुद्राकडून येते. मासे आणि चिकन या दोघांचाही त्रास होणारे काही रुग्ण असतात. दोन्हींतल्या काही प्रथिनांची ठेवण मिळतीजुळती असते. २०१६ साली लक्झेंबर्गमधील संशोधकांच्या पुढाकाराने 'मासे-चिकन लक्षणसमूह' वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. मासळी रोजच्या जेवणात असणाऱ्या कोकणातल्या घरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. माशांची ॲलर्जी असणाऱ्या प्रत्येकाला चिकन बाधते असे मात्र नाही.

याच ओघात एक मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला चिकन बंद करणारे पालक पुष्कळ आहेत. लहान मुलांत अंड्याची ॲलर्जी बहुधा पांढऱ्या भागाची असते आणि अशा बहुतेक मुलांना चिकन व्यवस्थित चालते. वाढत्या वयात प्रथिनांचा एक चांगला स्रोत विनाकारण तोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवे.

चिकनबरोबर ताटात आणखी कोण?

इफ्तारच्या ताटात चिकन एकटे कधीच नसते. टिक्क्याला दही लावलेले असते, कोरम्यात काजूचे वाटण असते, तळणीच्या पिठात अंडे आणि मैदा असतो, सॉसमध्ये सोया असतो, वरून तीळ भुरभुरलेले असतात. हलीममध्ये तर गहू आणि डाळी मांसाइतक्याच महत्त्वाच्या. काजू, तीळ, दूध, अंडे आणि गहू हे सगळे चिकनपेक्षा कितीतरी अधिक वेळा ॲलर्जी करतात. काजूचा त्रास असलेला माणूस चिकन सोडून फिर्नी खात राहिला, तर पुढच्या वेळी तो अधिक मोठ्या संकटात सापडू शकतो.

दिवसभराच्या रोजाने डोके ठणकते म्हणून काही जण इफ्तारसोबत वेदनाशामक गोळी घेतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी काहींच्या अंगावर थेट गांधी उठतात, तर काहींमध्ये अन्नाची सौम्य ॲलर्जी त्या गोळीमुळे उग्र होते. दोष मात्र चिकनला मिळतो. अर्धवट शिजलेल्या किंवा दिवसभर उघड्यावर राहिलेल्या चिकनमधल्या जंतूंनी जुलाब-उलट्या झाल्या, तर तीही ॲलर्जी नव्हे. तिथे ताप असतो, पोटात मुरडा असतो आणि बहुधा त्याच ताटातल्या इतरांनाही त्रास होतो.

मांसाची आणखी एक चमत्कारिक ॲलर्जी आहे. गोचीड चावल्यानंतर काही लोकांच्या शरीरात 'अल्फा-गॅल' नावाच्या शर्करेविरुद्ध आयजीई तयार होते. ही शर्करा बकरा, म्हैस अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. त्रास लगेच होत नाही, जेवणानंतर दोन ते सहा तासांनी होतो. संध्याकाळी मटण खाल्लेला माणूस मध्यरात्री खाजेने जागा होतो. पक्ष्यांच्या मांसात अल्फा-गॅल नसते, म्हणून अशा रुग्णाला चिकन खाता येते. मटण आणि चिकन एकाच दस्तरख्वानावर असतील, तर योग्य तपासाशिवाय कुणावर आळ घ्यायचा?

तपास कसा होतो?

पहिली चाचणी सुईची नसते, प्रश्नांची असते. काय खाल्ले, किती खाल्ले, किती मिनिटांनी त्रास झाला, चिकन कसे शिजवले होते, पूर्वी असे झाले होते का, घरात पक्षी आहेत का, सोबत कोणते औषध घेतले? आयजीईमुळे होणारा त्रास साधारण काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होतो. म्हणून त्रास झाला त्याच रात्री ताटातल्या प्रत्येक पदार्थाची आणि वेळेची नोंद कागदावर करणे, अंगावरच्या गांधींचा मोबाइलवर फोटो काढणे, ही तज्ज्ञाला होणारी सर्वांत मोठी मदत आहे.

त्यानंतर त्वचेची चाचणी. हाताच्या पुढच्या भागावर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात. शेजारी एक थेंब हिस्टामिनचा आणि एक साध्या मिठाच्या पाण्याचा असतो, म्हणजे तुलना करता येते. पंधरा-वीस मिनिटांनी मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध उठली, तर चाचणी सकारात्मक धरतात. तयार अर्कांत काही प्रथिने टिकत नाहीत. त्यामुळे डॉक्टर कधी प्रत्यक्ष चिकनच्या तुकड्यात सुई टोचून मग ती त्वचेला टोचतात. कच्चे आणि शिजवलेले अशा दोन्ही तुकड्यांनी ही चाचणी केली, तर शिजवल्याने फरक पडतो का याचा अंदाज येतो. चाचणीपूर्वी साधारण ५ ते ७ दिवस खाजेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात, नाहीतर निष्कर्ष खोटा येतो.

रक्ताच्या चाचणीत चिकनविरुद्धची आयजीई मोजतात. काही प्रयोगशाळांत एकेका प्रथिनाविरुद्धची आयजीई वेगळी मोजता येते. त्यातून रुग्ण कोणत्या वाटेने आला हे उलगडू शकते. पण त्वचा आणि रक्त या दोन्ही चाचण्या शरीराचा कल सांगतात, निकाल देत नाहीत. आयजीई सापडूनही चिकन आरामात पचवणारे लोक असतात. म्हणूनच त्रास नसताना शंभर पदार्थांची यादी तपासून घेणे धोक्याचे आहे, कारण त्यातून नाहक पथ्ये जन्माला येतात. 'आयजीजी' मोजून अन्नाची असहिष्णुता सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांना तर ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना मान्यताच देत नाहीत. आयजीजी फक्त एवढेच सांगते की तो पदार्थ आपण खाल्ला आहे.

शंका उरलीच तर शेवटची कसोटी म्हणजे देखरेखीखाली खाऊन पाहणे. रुग्णालयात, औषधे हाताशी ठेवून, चिकन अगदी कणापासून सुरू करतात आणि ठरावीक अंतराने मात्रा वाढवत नेतात. ज्या पद्धतीत रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणत्या घासात चिकन आहे हे माहीत नसते, ती सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. हा प्रयोग घरी कधीही करू नये. "थोडंसं खाऊन बघ, काही होत नाही" हे वाक्य जिवावर बेतू शकते.

तान्ह्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. चिकन भरवल्यावर एक ते चार तासांनी बाळ वारंवार ओकते, पांढरे पडते, मलूल होते. यात आयजीईचा हात नसल्याने त्वचेची आणि रक्ताची चाचणी नकारात्मक येऊ शकते. इथे निदान लक्षणांवरूनच करावे लागते. अशा बाळाला तातडीने डॉक्टरकडे न्यावे.

रोजा आणि तपासणी

रमजानमध्ये तपासणी करावी का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्वचेच्या चाचणीत पोटात काही जात नाही आणि तपासणीसाठी थोडे रक्त दिल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमांचे मत आहे. मनात शंका असेल, तर आपल्या इमामांना विचारावे किंवा इफ्तारनंतरची वेळ घ्यावी. खाऊन पाहण्याची कसोटी मात्र ईदनंतरच ठेवलेली बरी.

तातडीच्या प्रसंगी असा विचार करत बसायला वेळ नसतो. सहरीत रात्रीचे उरलेले चिकन खाल्ले, फजरची अजान झाली आणि त्यानंतर घसा आवळू लागला, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, चक्कर आली किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर रोजा तुटेल म्हणून औषध टाळणे चुकीचे आहे. आजारी माणसाला रोजा सोडून पुढे तो भरून काढण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. रुग्णाला पाय उंच करून आडवे झोपवावे, दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. या स्थितीत जीव वाचवणारे औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिन. खाजेची गोळी गांधी कमी करते, बंद होणारा श्वास उघडत नाही. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

निदान झाले की ते कागदावर लिहून घ्यावे आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावे. नोकरीसाठी आफ्रिकेतील काही देशांत जाणाऱ्यांना पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. ती कोंबडीच्या अंड्यांतील गर्भात वाढवली जाते, त्यामुळे अंडे किंवा कोंबडीच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगणे आवश्यक असते.

उरतो प्रश्न मेजवानीचा. रोजेदाराला इफ्तार देण्यात मोठे पुण्य मानले जाते आणि त्या उत्साहात "एक घास तरी घ्या" असा आग्रह होतो. पाहुणा नको म्हणाला, तर त्यामागे नखराच असेल असे नाही. पदार्थात काय काय घातले आहे हे विचारल्यावर सरळ सांगणे, एकाच डावाने दोन भांडी न ढवळणे आणि खजूर-फळांची थाळी वेगळी ठेवणे, एवढे केले तरी त्या पाहुण्याला निर्धास्तपणे जेवता येते.