जगण्याची विद्या

बुद्धी कशाने मोजावी? परीक्षेतील गुणांनी, असे आपण सहज म्हणून जातो. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये दीर्घकाळ राहिलेले हिंदीतील थोर व्यंगकार हरिशंकर परसाई (१९२४–१९९५) हे नागपूर विद्यापीठाचे एम. ए. होते, परंतु ‘गर्दिश के दिन’ या आत्मपर लेखात आपण शिकलेली पहिली विद्या म्हणून ते सांगतात, ती विनातिकीट प्रवासाची! आई प्लेगने गेलेली, घराची वाताहत झालेली, नोकरीसाठी गावोगाव हिंडायचे आणि खिसा रिकामा. पकडले गेले की ते चांगल्या इंग्रजीत आपली कर्मकथा सांगत, आणि रेल्वेचे बाबू विरघळत.

समोरच्या माणसाला दैन्याहून भाषेचा रुबाब अधिक भिडतो, हे त्यांनी नेमके हेरले होते. पण असली हुशारी भामट्याजवळही असते. मग भेद कोठे? भामटा माणसांचे दुबळेपण ओळखून आपली तुंबडी भरतो. परसाईंनी तीच ओळख पुढे समाजाचे ढोंग उघडे करण्यास वापरली, आणि त्यातून स्वतःलाही वगळले नाही. संकटातून निभावणे ही बुद्धीची पहिली परीक्षा. निभावल्यावर ती कोणाच्या कामी आली, ही शेवटची.