विश्लेषण : घरातला फ्रीज कॅराव्हॅनमध्ये बसवता येतो का? तो घट्ट कसा धरायचा?

कोपरीतून पहाटे निघायचे, पूर्व द्रुतगती मार्गाने माजिवडा गाठायचे, तिथून नाशिक महामार्ग धरून कसारा घाट चढायचा आणि इगतपुरीला गाडीतच मुक्काम करायचा. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर अशा सहलींची चर्चा वाढली. स्वतःची व्हॅन तयार करून घेताना खर्च वाचावा म्हणून घरातलाच फ्रीज गाडीत ठेवण्याचा विचार पुढे येतो. फ्रीज गाडीत मावतो आणि चालतोही. पण तो एका जागी उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. त्यामुळे तो कुठे आणि कसा धरला आहे, यावर आत बसलेल्यांची सुरक्षितता अवलंबून असते.

दोरीने बांधला तर चालणार नाही का?

घर बदलताना टेम्पोत फ्रीज दोरीने बांधून नेतात. ती एक फेरी असते, गाडी सावकाश चालते आणि फ्रीजसमोर कोणी बसलेले नसते. कॅराव्हॅनमध्ये मात्र तोच फ्रीज वर्षानुवर्षे खड्डे, गतिरोधक आणि घाट सोसतो. धक्क्यांनी दोरी सैल पडते. शिवाय ती पत्र्याच्या कडांवर आवळली की पत्रा दबतो आणि दार नीट बसत नाही.

जोर नेमका किती येतो?

कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला, तर गाडीतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण ७० टक्के जोर पुढच्या दिशेने येतो. दोन दारांचा मध्यम फ्रीज सुमारे ५० किलोचा धरला, तर हा जोर ३५ किलोचा होतो. फ्रीज उंच आणि अरुंद असतो. दीड मीटर उंची आणि ६५ सेंटीमीटर खोली असेल, तर वजनाच्या साधारण ४५ टक्के जोरालाच तो उलथू लागतो. म्हणजे पाय जागेवर राहिले, तरी वरचा भाग कोसळतो. नुसते पाय जखडून भागत नाही, ते यामुळे.

धडकेत हे गणित आणखी बिघडते. रुग्णवाहिकांसाठीच्या ‘ईएन १७८९’ या युरोपीय मानकात आतील उपकरणांनी स्वतःच्या वजनाच्या दहापट जोर सोसावा, अशी अपेक्षा असते. तोच हिशेब लावला, तर ५० किलोच्या फ्रीजसाठी पकड ५०० किलोचा जोर पेलणारी हवी. त्यात भरलेल्या सामानाचे वजनही धरावे लागते.

फ्रीजला थेट स्क्रू मारले तर?

ही चूक सर्वात महाग पडते. आजच्या बहुतेक फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यामागेच असतात. चालू फ्रीजची बाजू हाताला गरम लागते, ती म्हणूनच. तिथे स्क्रू गेला तर नळी फुटते, वायू निघून जातो आणि फ्रीज निकामी होतो.

धोका तेवढ्यावर थांबत नाही. घरगुती फ्रीजमध्ये आता बहुधा ‘आर ६०० ए’ म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असतो. त्याचे प्रमाण थोडेच असते, पण तो ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. बंद गाडीत गॅसची शेगडीही असेल, तर हे लक्षात ठेवायलाच हवे. फ्रीजच्या कप्प्यात खालच्या बाजूला बाहेर उघडणारी जाळी ठेवावी.

मग फ्रीज धरायचा कसा?

फ्रीजला भोके पाडण्याऐवजी त्याच्याभोवती लोखंडी अँगलचा पिंजरा करून घ्यावा. हा पिंजरा गाडीच्या तळातील मजबूत आडव्या पट्ट्यांना नटबोल्टने जोडावा. नुसत्या प्लायमध्ये मारलेले लाकडी स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात. तळाखालून रुंद लोखंडी पट्टी आणि आपोआप न सुटणारे नायलॉक नट वापरावेत.

पिंजऱ्याने चार कामे करायला हवीत. पाय पुढे-मागे सरकू नयेत, वरचा भाग पुढे झुकू नये, बाजूंना डोलू नये आणि खड्ड्यात फ्रीज वर उडू नये. चाके असतील तर ती काढावीत किंवा फ्रीज त्यांच्यावर उभा राहणार नाही, अशी बैठक करावी. वरच्या बाजूला आडवी पट्टी हवी. पिंजरा आणि फ्रीज यांच्यामध्ये जाड रबर ठेवावे, म्हणजे पत्रा घासत नाही.

रबर सगळीकडे ठासू नये. मागे आणि बाजूंना माहितीपुस्तिकेत दिलेली मोकळी जागा सोडावीच लागते. उष्ण हवामानासाठीच्या ‘टी’ वर्गातील फ्रीजही ४३ अंशांपर्यंतच्या भोवतालच्या तापमानासाठी बनवलेला असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पारा त्याच्याही वर जातो. हवा खेळली नाही, तर कॉम्प्रेसर सतत चालतो आणि बॅटरी उतरते.

जागा कोणती निवडावी?

दोन्ही चाकांच्या आसांमधली जागा उत्तम. मागच्या चाकांच्या पलीकडे उसळी सर्वाधिक बसते. दार पुढच्या दिशेला असेल, तर ब्रेक लागताच आतील सामान दारावर आदळते. दार मागच्या दिशेला असेल, तर तेच सामान फ्रीजच्या पाठीवर टेकते. मात्र कसारा चढताना सामान मागे रेटले जाते आणि परतीच्या उतारावर पुढे. त्यामुळे दिशा कोणतीही असली, तरी दाराला वेगळी अटक लागतेच. गाडी चालू असताना फ्रीजच्या थेट पुढे कोणाचेही आसन नसावे.

दाराला मुळात कडी का नसते?

जुन्या फ्रीजना बाहेरून कडी असे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळता खेळता मुले अडकून गुदमरल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला. दार आतून ढकलून उघडता आले पाहिजे, असे बंधन आले आणि कडीची जागा चुंबकाच्या रबरी पट्टीने घेतली. हीच पट्टी वळणावर दुधाच्या पिशव्या आणि बाटल्यांचा भार पेलू शकत नाही.

म्हणून प्रवासापुरता पट्टा किंवा पिंजऱ्याला जोडलेली आडवी दांडी लावावी. गाडी थांबली की ती काढावी. लहान मुले सोबत असताना कुलूप लावून ठेवण्याची सोय करू नये. आत जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, काचेचे कप्पे हलणार नाहीत असे पक्के करावेत आणि दारात काचेच्या बाटल्या ठेवू नयेत.

कॉम्प्रेसरला हादऱ्यांचा त्रास होतो का?

कॉम्प्रेसरचा आतील भाग बंद डब्यात स्प्रिंगवर बसवलेला असतो. तो काही हादरे सोसतो, पण त्याच्या पायाखालचे रबर आणि नळ्यांचे सांधे अधूनमधून तपासावेत. फ्रीज आडवा करून गाडीत चढवला असेल, तर तो उभा केल्यावर काही तास थांबूनच सुरू करावा. तेवढ्या वेळात नळ्यांत गेलेले तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. मोटार कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. त्यामुळे प्रवासी व्हॅनचे रूपांतर करण्याआधी ठाणेकरांनी एमएच-०४ च्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. काम झाल्यावर विचारले, तर पिंजरा काढण्याची वेळ येऊ शकते.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

फ्रीज रिकामा असताना दोन्ही हातांनी चारही बाजूंनी जोरात ढकलून पाहा. वरचा भाग हलला, तर पकड अपुरी आहे. मग सामान भरून कोपरी ते माजिवडा अशी एक फेरी मारा आणि परतल्यावर प्रत्येक नट पान्याने पुन्हा आवळा. नव्या कामात पहिल्याच फेरीत नट थोडे बसतात. त्यानंतर प्रत्येक सहलीआधी टायरमधील हवा तपासताना हे नटही तपासा. एवढी मेहनत नको असेल, तर गाडीसाठीच बनवलेला १२ व्होल्टचा छोटा फ्रीज घ्यावा. तो महाग असतो आणि त्यात कमी मावते, पण त्याला घट्ट धरणे तुलनेने सोपे असते.