काळ्या समुद्राकाठी पंचवीस लाखांत घर?

घर घ्यायचं तर ते भर पावसात बघावं, असं माझी आई म्हणायची. माझं माहेर गुहागरकडचं. उन्हाळ्यात कुठलंही घर चांगलंच दिसतं, भिंतीचं खरं रूप श्रावणात कळतं, हा तिचा अनुभव. आईचं हे वाक्य मला समुद्रापलीकडे, परक्या देशात उपयोगी पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं, की २०२५च्या जुलै महिन्यात आमचे हे पुण्याला एका हॉटेलातलं घरांचं प्रदर्शन बघून आले. येताना हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका. जॉर्जिया देश, कोबुलेती गाव, समुद्रासमोर सहा मजली इमारत, तीस चौरस मीटरची खोली, भाव चौरस मीटरला ९०० डॉलर. म्हणजे २७ हजार डॉलर. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपये धरला, तर २४ लाख ३० हजार. "अगं, एवढ्यात पुण्यात पार्किंगसुद्धा येत नाही," हे म्हणाले. शिवाय वर्षाला आठ टक्के भाडं 'हमखास'.

तुम्ही म्हणाल, कराडच्या माणसांना जॉर्जियाचं काय? तर माझ्या ताईची मुलगी तिथे बातुमीला डॉक्टरकी शिकते आहे. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या देशात जातात, तेव्हा तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेलच. आणि पैशाचं म्हणाल, तर वडिलांच्या वाडीचा एक तुकडा विकला गेला, त्यातला माझ्या वाट्याचा भाग बँकेत ठेव म्हणून पडून होता. माहेरचा वाटा सोडून देण्याची रीत आमच्याही घराण्यात होतीच. दादाने ती मोडली आणि बहिणींना बरोबरीने दिलं. त्यामुळे त्या पैशांकडे मी नुसते पैसे म्हणून बघू शकत नव्हते.

प्रदर्शनातल्या माणसाने ह्यांना सुचवलं होतं, की कागद एकट्या साहेबांच्या नावे करा, सुटसुटीत पडतं. बाईंना यायचीही गरज नाही, मुखत्यारपत्र दिलं की आम्ही सगळं बघतो. हे ऐकून मी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर बँकेत गेले. (मी आठवड्यातून चार दिवस भूगोल शिकवते. मुलांना काळा समुद्र नकाशात दाखवताना तिथे आपण घर घेऊ असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं!)

बँकेतल्या बाईंनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण हे आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतात राहणाऱ्या कोणालाही एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि त्यातून घरही घेता येतं. पैसे बँकेमार्फतच जायला हवेत. ए-टू नावाचा फॉर्म आणि पॅन लागतो. त्यासाठी इथली बँक कर्ज देत नाही, पैसे आपलेच हवेत. कुटुंबातल्या दोघांनी मिळून रक्कम पाठवायची असेल, तर दोघंही त्या घराचे मालक असायला हवेत. म्हणजे माझ्या खात्यातून पैसे गेले की कागदावर माझं नाव आलंच पाहिजे. 'सुटसुटीत' प्रकरणाचा निकाल तिथेच लागला. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग दोघांच्या नावाने करू की." मनात काही नव्हतं त्यांच्या, पण आपण विचारल्याशिवाय होत नाही, ते असं.

दोघांची नावं घालण्याचा आणखी एक फायदा निघाला. परदेशी पाठवलेल्या रकमेतून वर्षाला दहा लाखांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के कर आधीच गोळा करते. एकीच्याच नावाने २४ लाख ३० हजार गेले, तर १४ लाख ३० हजारांवर २ लाख ८६ हजार रुपये आणखी बाजूला काढावे लागतात. तेच दोघांनी निम्मे निम्मे पाठवले, तर प्रत्येकी २ लाख १५ हजारांवर ४३ हजार, म्हणजे दोघांचे मिळून ८६ हजार. हा कर बुडीत नसतो, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण ऐन खरेदीच्या वेळी ते रोख हवेत ना? घरखर्चातून दोन-दोन हजार बाजूला टाकणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा आधी माहीत असलेला बरा. आणि घर घेतलं की दर वर्षी विवरणपत्रातल्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागतं, भाडं आलं तर तेही. लपवलं तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं विसरलं तरी निस्तरणं आपल्यालाच.

दिवाळीच्या सुट्टीत ताई लेकीकडे निघाली होती. मी म्हटलं, आपणही जाऊ. हंगाम नसताना. आईचं ऐकून.

कोबुलेती हे बातुमीच्या उत्तरेला तासाभराच्या आतलं गाव, वस्ती १६-१७ हजारांची. तिबिलिसीहून बातुमीला जाणारी आगगाडी तिथे थांबते. समुद्राला समांतर एकच लांबच लांब रस्ता, दोन्ही अंगांना पाइनची झाडं, आणि किनाऱ्यावर वाळू नाही, तर गोटे! पांढरे, करडे, नदीतल्यासारखे गुळगुळीत. अनवाणी चालणं अवघडच. त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणीही आपल्या समुद्राच्या निम्म्यानेच खारट. मी सकाळी बघितलं, संध्याकाळी बघितलं, पाणी आपलं तिथंच. माझ्या कोकणी डोळ्यांना ते चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

पण गाव गोड आहे, हे कबूल करायलाच हवं. मागे हिरवे डोंगर, दारोदारी संत्र्यांची झाडं फळांनी वाकलेली. जवळच्या चाक्वीला चहाचे जुने मळे आहेत, त्याच वाटेवर १९१२ साली सुरू झालेली मोठी वनस्पतीबाग. गावालगतची इस्पानीची दलदल २०२१पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मकईची भाकरी तिथेही करतात, तिला 'म्चादी' म्हणतात. राजम्यासारखी उसळ, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. लिपी मात्र अशी, की पाटीवर जिलब्या सांडल्यात असं वाटावं.

आणि पाऊस! आम्ही सहा दिवस होतो, त्यातले चार दिवस पाऊस. त्या बाजूला वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पडतो. आपला कसा जूनला येतो आणि दसऱ्याला निरोप घेतो, तसं तिथे नाही. तो बाराही महिने येतो आणि त्याचा जोर शरद ते थंडीत जास्त.

आमच्या इमारतीचा अजून सांगाडाच उभा होता, म्हणून दलालाच्या तिथल्या माणसाने त्याच बिल्डरची शेजारची, दोन वर्षांपूर्वी पुरी झालेली इमारत दाखवली. खोली सुरेख सजवलेली. पडदे, दिवे, टेबलावर संत्र्यांची टोपली. मी आपली कपाटाजवळ गेले आणि दार उघडून आत हात घातला. मागची फळी ओलसर, कोपऱ्यात काळी बुरशी. वास तर आत शिरल्या शिरल्याच आला होता, पण टोपलीतल्या संत्र्यांनी थोडा झाकला होता. भाचीने तिथल्या भाषेत जिना झाडणाऱ्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, हिवाळ्यात इथे कोण राहतंय? घरं बंद, शेगडी नाही, हवा नाही, बुरशी धरणारच. रात्री आम्ही मुद्दाम पुन्हा त्या रस्त्याने गेलो. मी मोजलं. सगळ्या इमारतीत तीन खिडक्यांना दिवे होते.

आता भाड्याचा हिशेब तुम्हीच करा. पाहुणे येतात ते मुख्यतः जुलै-ऑगस्टात. तेव्हा किल्ल्या देणारं, चादरी बदलणारं माणूस हवं, ते आपला हिस्सा घेणार. बाकीचे महिने देखभालीचा आकार चालूच. 'हमखास आठ टक्के' करारात कुठे लिहिलंय, असं मी विचारलं तेव्हा तो माणूस म्हणाला, तो अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत बारीक अक्षरात होती. घर मिळणार ते 'व्हाइट फ्रेम' स्थितीत. म्हणजे गिलावा झालेल्या भिंती, सिमेंटची जमीन, खिडक्या, बाहेरचं दार, विजेच्या तारा आणि नळाची तोंडं. फरशी नाही, ओटा नाही, संडासाचं भांडंसुद्धा नाही! त्याहून कच्च्या स्थितीला 'ब्लॅक फ्रेम' म्हणतात, तिथे नुसता सांगाडा. राहण्याजोगं करायला आम्हाला चौरस मीटरला ३५० डॉलर सांगितले. म्हणजे साडेदहा हजार डॉलर, ९ लाख ४५ हजार. पंचवीस लाखांचं घर झालं ३३ लाख ७५ हजारांचं, आणि वाढलेल्या रकमेवरचा आधी भरायचा कर वेगळा. शिवाय त्या तीस मीटरमध्ये पाच मीटर गॅलरी धरलेली. आपल्याकडे कार्पेट, बिल्टअप हे झगडे आपण शिकलो आहोत. तिथेही गॅलरी मोजतात की नाही, हे आधी विचारायचं.

एवढं सगळं म्हटल्यावर चांगल्या बाजूही सांगायला हव्यात, नाहीतर अन्याय होईल. त्या देशात परदेशी माणसाला नुसत्या पासपोर्टावर सदनिका घेता येते. मालकीची नोंद सरकारी सार्वजनिक नोंदवहीत होते, साध्या फीमध्ये चारच कामाचे दिवस लागतात. आपल्यासारखं मुद्रांक शुल्क नाही. आणि सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे त्या नोंदवहीचा उतारा कुणालाही पाहता येतो. जागा कुणाची, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, सगळं त्यात लिहिलेलं. आपल्या सातबाऱ्याचाच भाऊ म्हणा ना. बांधकाम चालू असलेल्या घराचा प्राथमिक करारही तिथे नोंदवता येतो, आणि नोंदवावाच. शेतजमीन मात्र परदेश्यांना घेता येत नाही. २०१८पासून लागू झालेल्या घटनेतच तसं आहे. ह्यांना गावाबाहेरचं एक कौलारू घर संत्र्यांच्या बागेसकट फार आवडलं होतं, पण बाग पडली शेतजमिनीत!

घर असलं म्हणजे व्हिसा मिळतो, हाही गैरसमज. राहण्याचा परवाना घराच्या किंमतीवर मिळू शकतो, पण एवढ्या स्वस्तातल्या घराला तो प्रश्नच येत नाही. आपल्याच घरी जायला आपण दरवेळी व्हिसा काढणार.

सहाव्या दिवशी परतीच्या आगगाडीत हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "तुला एक सांगायचंय. प्रदर्शनातच मी लाख रुपये भरून ठेवलेत." चार महिने पोटात ठेवलं होतं. मला राग पैशांपेक्षा त्या चार महिन्यांचा आला. ताई आणि भाची समोर, म्हणून गप्प बसले; पण तिबिलिसीपर्यंतचे पाच तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

ते लाख रुपये इथल्या दलालाला रुपयांत दिलेले. बँकेमार्फत डॉलर होऊन गेलेले नाहीत, त्यामुळे तिकडच्या बिल्डरच्या वहीत त्यांचा मागमूस नव्हता. पावती होती ती 'सल्ला शुल्क' म्हणून. कराडला आल्यावर मी स्वतः पत्रं लिहिली, फोन केले, एकदा पुण्याला जाऊन दोन तास त्यांच्या कचेरीत बसले. पन्नास हजार परत आले. उरलेल्या पन्नासाचं काय, तर ते 'कामात खर्च झाले'.

माझी ठेव अजून बँकेतच आहे. घर नकोच असं मी म्हणत नाही. भाचीने स्टेशनाजवळच्या एका जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा पाहून ठेवली आहे. मालकीण निवृत्त शिक्षिका आहे, बारा महिने तिथेच राहते. भिंती कोरड्या आहेत, कारण चूल रोज पेटते. किंमत नव्यापेक्षा जास्तच सांगते, पण फरशी आहे, ओटा आहे. येत्या थंडीत भाची पुन्हा जाऊन भिंतींना हात लावून येणार आहे. घ्यायचं झालं तर नावं दोघांची आणि माझं पहिलं, एवढं ह्यांनी आगगाडीनंतरच्या त्या आठवड्यात आपणहून कबूल केलंय.

दलालाचे फोन अजून येतात. मागच्या वेळी, जानेवारीत, ह्यांनी तो माझ्या हाती दिला. नवीन योजना आहे ताई, समुद्र आणखी जवळ, भाव आणखी कमी. मी म्हटलं, बरं, जागेचा नोंदवहीतला उतारा पाठवा, मग बोलू. लगेच पाठवतो म्हणाला. अजून आलेला नाही.