रोज एक टोपली काढा, आणि बांबू भुंग्यापासून वाचवा

मी कोथरूडला चित्रकलेचा वर्ग घेते. दिवाळीच्या आधी बचत गटाच्या बायका टोपल्या, परड्या, आकाशकंदील घेऊन इकडे विकायला येतात. त्यांच्याशी बोलताना दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. "नवा नमुना करायचाय, पण चित्र कुठं येतंय आम्हाला?" आणि "बांबूला भुंगा लागला हो!"

आधी चित्राचं बघू. जिला ठिपक्यांची रांगोळी येते तिनं 'मला चित्र येत नाही' म्हणू नये. पालघर-डहाणूकडं वारली समाजाच्या सवाष्णी लग्नघरात चौक लिहितात. रंग तांदळाच्या पिठाचा आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, एवढंच त्यांचं भांडवल. याच चित्रकलेसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

तुम्हीही कामटीचा तुकडा घ्या, टोक ठेचा, पीठ कालवा आणि अंगणात नाहीतर पाटीवर रोज एकच टोपली काढा. महिनाभर तीच टोपली. तोंड गोल असलं तरी समोरून ते लांबट दिसतं. जसं दिसतं तसंच काढायचं. बोटं आवळू नका, हात खांद्यापासून फिरू द्या. पहिले आठ दिवस रेघ वाकडी येईल, येऊ द्या.

मग पोरांची चौकटीची वही घ्या. कामटी वरून जाते ती चौकट काळी करा, खालून जाते ती कोरी ठेवा. दोन वर, दोन खाली, पुढच्या ओळीत एक घर सरकवा. तिरकी नक्षी आधी कागदावरच दिसते. कागद चुकला तर रुपयाही जात नाही, चिरलेला बांबू मात्र परत जोडता येत नाही.

आता भुंगा. बांबूच्या पोटात पिठूळ सत्त्व असतं, भुंगा त्यासाठीच येतो. कोवळ्या बांबूत आणि पावसाळ्यात कोंब फुटत असताना तोडलेल्या बांबूत तो लवकर शिरतो. बांबू एकाच हंगामात पुरता उंच होतो, त्यामुळे नुसती उंची बघून फसायला होतं. पक्का व्हायला त्याला तीन वर्षं तरी लागतात. पाऊस सरल्यावर, थंडीत तोडा. जमिनीलगत, पेराच्या अगदी वर कापा. खुंटात पोकळी राहिली तर पाणी साचून बेट कुजतं. यंदाचे कोंब मात्र ठेवा.

तोडलेला बांबू तीन-चार आठवडे ओढ्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवा, सत्त्व पाण्यात उतरतं. पाण्याला वास येतो, शेजारीण बोलेल, पण माल टिकतो. नंतर सावलीत उभा करून वाळवा. कडक उन्हात तो तडकतो. साठवताना खाली विटा घाला, मातीला टेकवू नका. आपल्या आज्या सुपं-टोपल्या चुलीच्या वर टांगायच्या, तेही याचसाठी. धुरात कीड धरत नाही.

विकताना गिऱ्हाइकाला एवढं सांगा: भिजली तर पुसून सावलीत वाळवा, ओली बंद कपाटात ठेवू नका. घरी नेलेल्या परडीतून महिन्याभरात पिवळं पीठ गळायला लागलं, तर ती बाई पुढच्या दिवाळीला दुसऱ्या दुकानी जाते.