जोडीचं गाणं (भाग ६) : हिराबाई आणि सरस्वतीबाई

गेल्या भागात आपण ब्रिटनच्या पर्ल कार आणि टेडी जॉन्सन या गायक दांपत्याची कारकीर्द पाहिली. 1959 च्या युरोव्हिजन स्पर्धेत त्यांनी ब्रिटनला दुसरा क्रमांक मिळवून दिला होता. त्या प्रकारच्या द्वंद्वगीतात दोघांचे सूर आधीच वाटून दिलेले असतात. एक जण षड्जावर असेल तेव्हा दुसरा गंधारावर असतो आणि दोन्ही सूर एकाच क्षणी ऐकू येतात. सगळी बांधणी कागदावर पक्की असते. आपल्या ख्यालगायनात मात्र स्वरांची ओळ एकच असते, गाणं तिथल्या तिथे घडतं आणि ते दोघांनी मिळून घडवायचं असतं. हे कसं साधतं ते समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या एका बहिणींच्या जोडीसारखं दुसरं उदाहरण नाही. या बहिणी म्हणजे हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात खंजेरी भजन ऐकत वाढलेल्या माणसाला एकत्र गाण्याची एक रीत चांगली ठाऊक असते. पुढचा गातो, मागचे झील धरतात. मागच्यांचं काम आधार देण्याचं, वाट शोधण्याचं नव्हे. ख्यालाच्या मैफलीत गुरूमागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्यही बराचसा असाच असतो. गुरू दमला की तो एखादा आलाप भरतो आणि मागे सरतो. जुगलबंदीत मात्र दोघांचा अधिकार सारखा. सरस्वतीबाईंनी आयुष्यात या दोन्ही भूमिका निभावल्या, आणि ते घडायला कित्येक वर्षं जावी लागली.

हिराबाई 1905 मध्ये मिरजेत जन्मल्या, सरस्वतीबाई 1913 मध्ये. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. आईवडील वेगळे झाले आणि मुलं आईकडे राहिली. थोरले बंधू सुरेशबाबू माने हेच मग धाकट्या भावंडांचे गुरू झाले. हिराबाईंना उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचीही तालीम मिळाली. सरस्वतीबाई सुरेशबाबूंकडे आणि खुद्द हिराबाईंकडे शिकल्या. शिवाय प्रा. बी. आर. देवधर आणि मास्तर कृष्णराव यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. म्हणजे एक बहीण दुसरीची गुरूही होती.

हिराबाईंनी काय केलं हे आजच्या तरुण वाचकाला नीट सांगायला हवं. बाईनं गाणं म्हणजे खाजगी बैठकीतली गोष्ट, असं मानणाऱ्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. अंगभर पदर, हातवारे नाहीत, समोर फक्त सूर. मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना गाणं शिकवायला हरकत नाही हे पालकांना पटलं, त्यात या साध्या बैठकीचा वाटा फार मोठा आहे. 1929 मध्ये या भावंडांनी नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली. स्त्री-भूमिका पुरुषांनी करण्याचा जमाना अजून सरला नव्हता, तरी इथे बहिणी स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. बोलपट आले आणि ही नाटक मंडळी कर्जात बुडाली. ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडलं.

सरस्वतीबाईंनी या सगळ्यात बहिणीला साथ दिली, पण त्यांचं स्वतःचंही नाव झालं, आणि ते चित्रपटामुळे. विजय भट्ट यांच्या 1943 च्या ‘रामराज्य’मधलं ‘बीना मधुर मधुर कछु बोल’ हे शंकरराव व्यासांनी भीमपलासात बांधलेलं गाणं त्यांच्या आवाजात देशभर गाजलं. गांधीजींनी पाहिलेला एकमेव हिंदी चित्रपट म्हणून ‘रामराज्य’चं नाव घेतलं जातं. 1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर ते जुहूला विश्रांतीसाठी राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट.

या दोघींनी जुगलबंदी सुरू केली ती 1965 च्या सुमारास. हिराबाई साठीच्या, सरस्वतीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. त्याच वर्षी हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1970 मध्ये पद्मभूषण. मिळवायचं असं काही उरलेलं नसताना त्यांनी मैफलीची अर्धी जागा धाकट्या बहिणीला दिली. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाण्याची प्रथा रुजवण्याचं श्रेय या जोडीला दिलं जातं. 1980 पर्यंत हे गाणं चालू राहिलं आणि एच.एम.व्ही.नं त्याच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या.

आता यातली खरी अवघड जागा पाहू. पहिला प्रश्न पट्टीचा. पुरुष आणि स्त्री एकत्र गाणार असतील तर दोघांचा षड्ज जुळत नाही. पंडित जसराजांनी पुढे ‘जसरंगी’ या जुगलबंदीच्या प्रकारात मूर्च्छनेच्या, म्हणजे दुसऱ्याच स्वराला षड्ज मानण्याच्या, आधारानं त्यावर वेगळीच वाट काढली. दोघी बहिणींना ही अडचण नव्हती. दुसरा प्रश्न बढतीचा, आणि तो जास्त कठीण. विलंबित ख्यालात राग मंद्रातून तार सप्तकाकडे एकेक पायरी चढत जातो. एकीनं उत्साहात तार षड्ज आधीच गाठला, तर दुसरीला पुढे जायला जागाच राहत नाही. ती मागे वळली तर गाणं विस्कटतं, तानेला तान देत सुटली तर चढाओढ होते. टाळ्या चढाओढीला जास्त पडतात हे खरं, पण राग तिथेच संपतो.

किराण्याच्या गायकीत यावरचा उपाय आधीपासूनच होता असं मला वाटतं. या घराण्यात एका सुरावर थांबणं, त्याला चारही बाजूंनी न्याहाळणं आणि मगच पुढचा सूर खुला करणं ही शिस्त आहे. एकीनं निषादापर्यंत आणून सोडलं की दुसरीनं त्याच निषादाची दुसरी बाजू दाखवायची. त्यासाठी स्वतःची पुढची जागा मनात जुळवत बसून चालत नाही. समोरचीचा श्वास कुठे संपला, समेला किती मात्रा उरल्या, मुखडा कोणी घ्यायचा, हे सगळं कानानं टिपत राहावं लागतं. लहानपणापासून एकाच घरातली तालीम आणि वर्षानुवर्षांची साथ यांतूनच असा कान तयार होतो.

म्हणूनच सरस्वतीबाईंच्या साथीच्या वर्षांना मी दुय्यम मानत नाही. त्या वर्षांशिवाय ही जुगलबंदी झालीच नसती. आणि नुसती साथच केली असती, स्वतःचं नाव कमावलं नसतं, तर ती बरोबरीची झाली नसती. या जोडीचं मोठेपण मला या दोन्ही गोष्टींत दिसतं.

हिराबाई 1989 मध्ये गेल्या, सरस्वतीबाई 2006 मध्ये. त्यांच्या ध्वनिमुद्रणांपैकी जे हाती लागेल ते या आठवड्यात दोनदा ऐका. पहिल्यांदा सलग ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना एक थांबते आणि दुसरी सुरू करते त्या जागा तेवढ्या लक्षात ठेवा. पुढच्या भागात डागर बंधूंच्या धृपदाकडे वळू, तेव्हा या जागांची गरज पडेल.