आपत्तीचे परकी शब्द आणि गांवचा रकाना

कांहीं वर्षांपूर्वीं, मी महसूल खात्यांत कारकून असतां, वरून गांवनिहाय भरावयाचा एक छापील तक्ता आला. त्यांत ‘धोका’, ‘असुरक्षितता’, ‘क्षमता’ असे रकाने होते. एका ओढ्याकांठच्या गांवीं ‘असुरक्षितता’ हा रकाना वाचून दाखवितांच मंडळींनीं एकमुखानें सांगितलें, “आमच्याकडे चोऱ्यामाऱ्या नाहींत. रानडुकरांचा उपद्रव तेवढा आहे.” मींही फारसा विचार न करितां ‘निरंक’ लिहून मोकळा झालों. पुढें ओढ्यांस संरक्षक भिंती बांधण्यासाठीं गांवांची यादी निघाली, तींत हें गांव नव्हतें. ओढ्यालगतचीं मातीच्या भिंतींचीं घरें होतीं तशींच राहिलीं. त्या चुकींत माझा वांटा असल्यामुळें हा विषय शेतकरी बंधूंपुढें मांडणें मला कर्तव्य वाटतें.

हे शब्द मूळचे कोठले? मार्च २०१५ मध्यें जपानांतील सेंदाई येथें संयुक्त राष्ट्रांची परिषद भरून आपत्तीची जोखीम कमी करण्याविषयीं एक आराखडा मान्य झाला. त्याची मुदत २०३० पर्यंत आहे. त्यास लागणाऱ्या शब्दांच्या व्याख्या फेब्रुवारी २०१७ मध्यें आमसभेनें मान्य केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा. मराठी त्यांत नाहीं. म्हणून हे शब्द आपणांकडे इंग्रजींतून, पुष्कळदा जड संस्कृताचा वेष घेऊन, कचेरीच्या पायऱ्या उतरत येतात.

त्या व्याख्यांत एक भेद फार मोलाचा आहे. पूर, वादळ, भूकंप यांस तेथें आपत्ति म्हणत नाहींत. तें ‘हॅझार्ड’, म्हणजे संकट. त्या संकटाच्या माऱ्यांत कोण व काय आहे, तें ‘एक्सपोजर’. आणि माऱ्यांत सांपडलेलें कितपत कच्चें आहे, तें ‘व्हल्नरेबिलिटी’. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी भागांत भूकंप झाला. जमीन हादरली, हें संकट. माणसें घरांत झोपलेलीं होतीं, हा मारा. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, हा कच्चेपणा. जाड भिंत आपण पक्की समजतों, तीच तेथें कच्ची ठरली! तिन्ही एकत्र येऊन हजारों माणसें दगावलीं, ती आपत्ति. आपल्या २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन अधिनियमांतहि, बाधित भागांतील लोकांच्या तोंड देण्याच्या शक्तीपलीकडची घटना, असाच आपत्तीचा अर्थ धरला आहे.

आपल्या कागदांत मात्र संकटासहि आपत्ति आणि परिणामासहि आपत्ति. हॅझार्डलाहि धोका आणि रिस्कलाहि धोका. रिस्कसाठीं ‘जोखीम’ हा चांगला शब्द घरांत असतां तो क्वचितच वापरतात. त्यांतून ‘नैसर्गिक आपत्ति’ असें म्हटलें कीं सारें अस्मानी ठरतें, आणि आपल्या हातीं पंचनाम्यावांचून कांहीं उरत नाहीं.

ही गल्लत नवी नव्हे. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जांचा कायदा विहीर, निचरा, पुरापासून जमिनीचें रक्षण अशा आधीं करावयाच्या कामांसाठीं होता. १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जांचा कायदा बीबियाणें, बैल यांसाठीं व अडचणींतून सावरण्यासाठीं. लोक दोहोंखालच्या पैशास ‘तगाई’च म्हणत. शब्द एक झाला आणि आधींचें कोणतें व नंतरचें कोणतें हा भेद बोलण्यांतून गेला, असें मला वाटतें. आज ‘मिटिगेशन’चें तेंच होत आहे. कोणी त्यास ‘सौम्यीकरण’ म्हणतो, तें कळत नाहीं. कोणी ‘निवारण’ म्हणतो, तें ऐकून मदतवाटप आठवतें. ‘झळ कमी करणें’ म्हटल्यास कोणासहि कळेल.

‘रेझिलियन्स’ला ‘लवचिकता’ म्हणतात. त्यांतून वाकणें तेवढें ध्यानांत येतें. पावसानें ओढ दिली तरी तूर तग धरून आहे, असें आपण म्हणतों. तो ‘तग’ अधिक जवळचा. परंतु मूळ व्याख्येंत टिकण्याबरोबर वेळेवर पुन्हां उभें राहणेंहि येतें, म्हणून मी ‘तग व उभारी’ असें सुचवितों. एका शब्दास दोन लागले तर बिघडलें काय?

जेथें शब्द मापाशीं बांधला आहे तेथें तो लोकांत रुजला. सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ व ४३ फूट. हे आंकडे नदीकांठीं पोरासोरांसहि पाठ असतात. तरी ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलींत पाणी ५७ फुटांपर्यंत चढलें, तेव्हां ४५ च्या पुढील बारा फुटांस नांवच नव्हतें.

ग्रामपंचायतीच्या आपत्ति आराखड्यांत ‘असुरक्षितता’ हा रकाना आला तर तो निरंक सोडूं नये. त्यांत ओढ्यालगतचीं घरें, खचलेले बांध, पुरांत बुडणारी गोठ्याची वाट, एकटीं राहणारीं वृद्ध माणसें हीं गट नंबरासह लिहावींत. तसेंच पूर, गारपीट, वादळ यांसंबंधीं आपल्या भागांत जे जुने शब्द चालतात, ते अर्थासह संपादकांकडे कळवावेत.