गिऱ्हाईकाचा हिशोब कच्चा नसतो!

ऑगस्ट २०२४ मध्ये राखीच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते मिळून ३,००० रुपये खात्यात आले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही काही काउंटरवर शेरे सुरू : "बायका पैसे उडवतात!"

आता बघा. निंदणाला जाणारी ताई शाम्पूची पुडी घेते. आपण म्हणतो, बाटलीच घ्यावी. पण पाऊस लागला की रोजी बंद. पुडी त्या दिवशी थांबवता येते. बाटलीत अडकलेले पैसे परत निघत नाहीत. आणि माहेरी जाताना नवी साडी म्हणजे उधळपट्टी नाही, तो तिचा मान आहे.

म्हणून छोटे पॅक समोर मांडा, भाव लिहून लावा, शेरा मारू नका. दुखावलेलं गिऱ्हाईक भांडत नाही, पुढच्या बाजाराला शेजारच्या दुकानात जातं.